'शंभर टक्के नैसर्गिक' छापणाऱ्या सद्गृहस्थांस अनावृत पत्र

गोसीखुर्द, ता. पवनी, जि. भंडारा

प्रति,
ह्युमिडिफायरसोबत सुगंधी तेलाच्या सात बाटल्या फुकट देणारे आणि त्या प्रत्येक बाटलीवर 'शंभर टक्के नैसर्गिक, लहान मुलं व पाळीव प्राण्यांसाठी सुरक्षित' असं सोनेरी अक्षरांत छापणारे सद्गृहस्थ यांस,

पत्रास कारण की, गेल्या हिवाळ्यात आपण आमच्या घरी मुक्कामाला होतात. प्रत्यक्ष नव्हे, खोक्यातून. नणंदेचा मुलगा पुण्याला नोकरीला असतो. आजीचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, कोरडा खोकला फोनवर ऐकून त्याचा जीव कळवळला आणि त्याने आपलं यंत्र कुरिअरने धाडलं. नारळाएवढं, पांढरंशुभ्र, पोटात सात रंगांचा दिवा. आणि वर भेट म्हणून करंगळीएवढ्या सात बाटल्या. पोराच्या मायेबद्दल मला शंका नाही. आपल्या मायेबद्दल मात्र चार शब्द लिहावेत असं वाटलं.

आधी आपल्या हिमतीची दाद देते. आपण गोसीखुर्दला ओलावा विकलात! आमचं गाव आपल्या कुरिअरवाल्याला सापडलं, पण आपल्याला ते ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून सांगते. इथे वैनगंगेवर अकरा किलोमीटरहून लांब भिंत आहे. तिला ३३ दरवाजे आहेत आणि धरण भरलं की तिच्यामागे ११४६ दशलक्ष घनमीटर पाणी उभं राहतं. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो अठरा हजार कोटींच्या पार गेला. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जाही मिळाला. अडीच लाख हेक्टर भिजवायचं ठरलं होतं, ते सगळं कधी भिजणार हे विचारता विचारता आमच्याकडे माणसं म्हातारी झाली. डझनावारी गावांची घरंदारं आणि धानाच्या बांध्या या पाण्यात गेल्या. अशा मुलखात पेलाभर पाण्याची टाकी घेऊन 'आपल्या घरात आर्द्रता आणा' म्हणत यायचं म्हणजे छाती लागते. नागपुरात संत्री विकायला येणाराही आधी थोडा लाजला असता.

पण कोरड्या हवेचा त्रास आम्हालाही आहे, हे नाकारत नाही. मे महिन्यात इथली दुपार नाकातलं रक्त काढते. नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेला होता आणि नदीपलीकडची ब्रह्मपुरी तर उन्हाळा आला की देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या बातमीत असतेच. त्यावर आमचा इलाज म्हणजे कूलर: पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली टाकी, आत पंप. तेव्हा ह्युमिडिफायर आम्हाला नवा नाही, फक्त आमच्याला सात रंगांचा दिवा नसतो. हिवाळ्यात मात्र धरणाच्या काठाला पहाटे धुकं दाटतं आणि हवेत पुरेसा ओलावा असतो. घरात किती, हे सांगणारं हायग्रोमीटर दोन-चारशे रुपयांत मिळतं. चाळीस-पन्नास टक्के ओलावा माणसालाही पुरे, मांजरालाही पुरे. साठच्या वर गेला की भिंतीला बुरशी धरते, अंथरुणात सूक्ष्म किडे वाढतात आणि खोकला बरा व्हायचा सोडून बळावतो. आपल्या रंगीत माहितीपत्रकात या आकड्यांना जागा मिळालेली नाही. साहजिक आहे. गिऱ्हाइकाने आधी मोजून बघितलं तर निम्मे लोक यंत्राचं बटणच दाबणार नाहीत.

आता यंत्र लावलं त्या रात्रीचं. थंडी होती म्हणून दारं-खिडक्या गच्च बंद. खोकल्याला निलगिरी चांगली, हे आपण बाटलीवर लिहिलंत आणि भाच्याने फोनवर वाचून दाखवलं. पत्रकात पाच ते दहा थेंब सांगितले होते. गुण लवकर यावा म्हणून सासूबाईंनी हात जरा सैल सोडला. भुरी, म्हणजे आमची मांजर, नेहमीसारखी त्यांच्या पायथ्याशी गोधडीवर. सकाळी बघते तो तिच्या हनुवटीखालची गोधडी ओलीचिंब आणि तोंडातून लाळेची तार लोंबतेय. उठायला गेली तर मागचे पाय एकमेकांत अडकले. तिला पाण्याच्या वाटीकडे जायचं होतं. वाटी राहिली बाजूला आणि ती भिंतीला जाऊन टेकली. मान पुढे ताणलेली, तोंड उघडं, पोट भात्यासारखं हलतंय. कुत्रा असा धापतो ते नेहमीचं असतं. मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागलं की दवाखान्याची वाट धरायची असते, एवढं तरी आपल्या बाटलीने सांगायला हरकत नव्हती. तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर केसांच्या टोकांवर बारीक, चिकट दव. माझ्या बोटांचा निलगिरीचा वास साबणाने धुऊनही दुपारपर्यंत गेला नाही. मांजर दिवसातले कितीतरी तास स्वतःला चाटत बसतं. म्हणजे रात्रभर नाकाने घेतलेलं तेल ती पहाटे जिभेने पुन्हा घेत होती.

आपलं यंत्र तेव्हाही जांभळ्या उजेडात फुसफुसत होतं. देखणं आहे, यात वाद नाही.

पशुवैद्यांनी फोनवर पहिला प्रश्न केला तो 'काय खाल्लं?' हा नव्हता. 'घरात कसला वास सोडलाय का?' हा होता. म्हणजे आपली कीर्ती आपल्याआधी पोचली होती. त्यांनी सांगितलं ते असं: यंत्र बंद करा, मांजराला मोकळ्या हवेत न्या, केसांना तेल लागलं असेल तर भांड्यांच्या साध्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन लगेच कोरडं करून उबेत ठेवा, उलटी करवू नका, दूध-तूप-कोळसा असले घरगुती प्रयोग करू नका, आणि बाटली बरोबर घेऊन या. यावर नेमका उतारा नाही. प्राणवायू, सलाईन, ऊब आणि वाट बघणं, एवढीच चिकित्सा. भुरी वाचली. बिल मी आपल्याला पाठवणार होते, पण पाकिटावर कुणाचं नाव घालावं हे कळेना. बाटलीवर सोनेरी अक्षरं बरीच आहेत, पत्ता नाही.

आपल्या ग्राहक सेवेला मात्र लिहिलं. तत्परता वाखाणण्यासारखी. मिनिटाच्या आत उत्तर आलं: 'मॅडम, आपल्या पेटला हा सुगंध आवडला नसल्यास कृपया दुसरा फ्लेवर ट्राय करावा.' मी उरलेले सहा फ्लेवर बघितले. टी ट्री, पेपरमिंट, लॅव्हेंडर, लिंबू, दालचिनी, लवंग. धन्य आहे! मांजराला कोणती तेलं चालत नाहीत याची यादी पशुवैद्य करतात, त्यातली सातच्या सात आपण एका खोक्यात बसवलीत. एखादं तरी चुकून सुटायला हवं होतं.

आता थोडं यकृताबद्दल, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. अशांतल्या काही तेलांत फिनॉलच्या जातीची द्रव्यं असतात. माणसाचं यकृत त्यांना ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देतं, मग ती पाण्यात विरघळतात आणि लघवीवाटे निघून जातात. हे काम करणारी जी विकरं आहेत, त्यांतल्या यूजीटी१ए६ या महत्त्वाच्या विकराचं जनुक मांजरात मोडकं आहे. त्यामुळे आपल्याकडे लवकर निकालात निघणारी गोष्ट त्यांच्या अंगात साठत राहते. तापाची पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, ती याच कारणाने. अमेरिकी संशोधकांनी २०११ मध्ये मार्जारकुळातल्या अठरा जातींचं हे जनुक तपासून प्रसिद्ध केलं. सगळ्यांत ते निकामी निघालं. मांसावर जगणाऱ्या प्राण्याला झाडपाल्याची विषं पचवायची वेळ फारशी येत नाही, तेव्हा वापरच नसलेलं हे हत्यार लाखो वर्षांत गंजून गेलं असावं, असा त्यांचा कयास.

म्हणजे दोष आख्ख्या खानदानाचा आहे. आमच्या शेजारी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. तिथला 'जय' नावाचा वाघ २०१६ मध्ये दिसेनासा झाला तेव्हा दिल्लीपर्यंत बोंब झाली होती. त्या जयच्या कुळाची आणि भुरीच्या यकृताची ही गोष्ट एकच. मांजराला वाघाची मावशी म्हणतात ते उगाच नाही. 'पाळीव प्राण्यांसाठी सुरक्षित' हे छापताना आपण नेमका कोणता प्राणी डोळ्यांपुढे ठेवला होता? सोनेरी मासा असेल तर तसं लिहावं.

आणि ते 'नैसर्गिक'! आमच्या बांधावर धोतरा आहे, कुंपणाला कण्हेर आहे, पावसाळ्यात घोणस निघते. सगळं शंभर टक्के नैसर्गिक, वर एकही पैसा पडत नाही. अमेरिकेत जनावरांच्या विषबाधेची नोंद ठेवणाऱ्या केंद्राकडे २००२ ते २०१२ या काळात शुद्ध टी ट्री तेलाची बाधा झालेले ४४३ कुत्रे-मांजरं नोंदवली गेली. लाळ, लटपटणारे पाय, थरथर, ग्लानी. तेलाचा अंमल काहींत तीन दिवसांपर्यंत. त्यांतल्या दहापैकी जवळपास नऊ प्रकरणांत हे तेल मालकाने स्वतः, मुद्दाम, प्रेमाने दिलं होतं. आता आपले वकील म्हणतील की तिथे तेल अंगाला चोपडलं होतं किंवा पाजलं होतं, हवेत सोडलं नव्हतं. बरोबर आहे. हवेतून जाणारी मात्रा थोडी असते, आणि मोठ्या, उघड्या दिवाणखान्यात घटकाभर दरवळलेल्या वासाने धडधाकट मांजर आडवं होईलच असं नाही. पण भिंग लावून वाचावं अशा कोपऱ्यातही 'बंद खोलीत वापरू नये' ही ओळ आपण घातलेली नाही. उलट 'रात्रभर निवांत झोपेसाठी' असं मोठ्या अक्षरांत घातलंय. रात्रभर आणि झोपेसाठी म्हणजे दार बंद करूनच की. त्यात मांजराला दमा असेल, तर थेंब मोजायचीही गरज उरत नाही.

तेलाचं इतकं झाल्यावर पाण्याकडे वळते. पाण्याची वाफ मांजराची वैरीण नाही. सर्दीने नाक चोंदलेल्या मांजराला वाफाळलेल्या न्हाणीघरात थोडा वेळ घेऊन बसा, असं पशुवैद्यच सांगतात. पण आपलं यंत्र वाफ करतं कुठे? आत एक चकती सेकंदाला दहा लाखांहून जास्त वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक तुषार उडवते. उकळणं नाही, गाळणं नाही. टाकीत जे असेल ते जसंच्या तसं हवेत: क्षार, जंतू, बुरशी, सगळं. क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपाने टीव्हीवर दिसतात आणि काळ्या मांजराच्या पाठीवरही. मी टाकी उघडून बोट फिरवलं, तर तळाशी गुलाबी, बुळबुळीत थर. तोही नैसर्गिकच म्हणा.

यात आमच्या भागाचं एक जास्तीचं दुखणं आहे. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि वैनगंगेतून आमच्या धरणाच्या फुगवट्याला येऊन मिळतं. भंडाऱ्याचे लोक या पाण्याबद्दल वर्षानुवर्षं ओरडताहेत. असं पाणी तुषार करून झोपलेल्या म्हातारीच्या आणि मांजराच्या नाकापाशी सोडायचं, तर आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या, टाकी रोज रिकामी करून कोरडी करा, दर दोन-तीन दिवसांनी व्हिनेगरने घासून भरपूर पाण्याने धुवा, एवढं तरी आपण छापायला नको होतं का? जागा नव्हती म्हणता? सात रंगांच्या दिव्याचं कौतुक पाव पान खाऊन बसलंय, ते काढा.

टाकीत जंतू होऊ नयेत म्हणून वरून औषध घालण्याचा विचार आपल्या डोक्यात येण्याआधीच सांगून ठेवते: दक्षिण कोरियात तो प्रयोग झालेला आहे. ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायचं जंतुनाशक तिथे १९९४ पासून दुकानांत मिळत होतं. २०११ मध्ये गरोदर बायका फुप्फुसं निकामी होऊन दवाखान्यात येऊ लागल्या तेव्हा कारण सापडलं आणि माल बाजारातून उठवला गेला. सतरा वर्षं! मृतांचा आकडा हजाराच्या पुढे गेला आणि एका कंपनीच्या माजी प्रमुखाला २०१७ मध्ये शिक्षा झाली. त्यातल्या एका बाटलीवर काय लिहिलं होतं माहीत आहे? लहान मुलांसाठीही निर्धास्त. तेव्हा सोनेरी अक्षरांचा हा धंदा काही आपण शोधून काढलेला नाही.

आपल्याच एकट्यावर सगळं ढकलावं, असाही माझा स्वभाव नाही. आमच्याच बाजारात कूलरच्या टाकीत घालायचा 'खस सेंट' मिळतो. त्यात खस किती आणि काय काय, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. डास होऊ नयेत म्हणून त्याच टाकीत फिनाइल ओतणारे महाभाग आहेत. त्याच फिनाइलने पुसलेल्या फरशीवरून मांजर चालत जातं आणि मग पंजे चाटतं. कपाटातल्या डांबरगोळ्या, बंद खोलीत जाळलेला कापूर, यांचंही मांजराशी पटत नाही. आणि कूलर भिंतीला टेकलेला, अर्थिंगचा पत्ता नाही, ओल्या पत्र्याला मांजर अंग घासतंय, हे चित्र विदर्भात घरोघरी आहे. दर उन्हाळ्यात त्या पत्र्याने माणसंही जातात. पण कूलरवाला निदान 'लहान मुलं व पाळीव प्राण्यांसाठी सुरक्षित' असं छापत नाही. तेवढा प्रामाणिकपणा त्याच्या पत्र्यात आहे.

यंत्र आम्ही फेकलेलं नाही. पोराने मायेने पाठवलंय. एप्रिलपासून लावतो: उंच फळीवर, भुरीची उडी जाणार नाही अशा ठिकाणी, वायर भिंतीला चिकटवून, कारण लोंबणारी वायर तिला चावायला आवडते. टाकीत नुसतं आरओचं पाणी. खोलीचं दार उघडं, म्हणजे नको असेल तर तिला उठून जाता येतं. हायग्रोमीटर पन्नासला पोचला की बंद. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला तिसाच्या आत असावेत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून सासूबाई रामरक्षा संपली की भुरीचं पोट बघत श्वास मोजतात. आणि हो, त्यांचा खोकला. पशुवैद्य झाले, तसे माणसांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. चुलीच्या धुराचा निघाला. चुलीवरची भाकर बंद झाली आणि खोकलाही गेला.

तर आपल्याकडे एकच मागणं आहे. 'पाळीव प्राण्यांसाठी सुरक्षित' ही ओळ काढा आणि त्या जागी 'मांजर असलेल्या घरात हे तेल वापरू नये' असं छापा. मराठीत छापा, आणि अक्षरं सासूबाईंना चष्म्याविना वाचता येतील एवढी ठेवा. रंग सोनेरीच ठेवलात तरी चालेल.

आपली,
भुरीच्या घरची एक सून

ता. क.: निलगिरीची उरलीसुरली बाटली आणि तिच्या सहा बहिणी नीट बांधून ठेवल्या आहेत, पत्ता कळवलात की परत धाडते. नालीत ओतून मोकळी झाले असते, पण इथल्या नालीचं पाणी नदीलाच मिळतं आणि नदीत नागपूरचं आधीच पुष्कळ आहे.